शीघ्रपतन: उपचाराची सुरुवात कुठून करावी

शीघ्रपतनाची तक्रार असलेला पुरुष बहुधा आधी भिंतीवर चिकटवलेल्या 'गुप्तरोग'च्या जाहिरातीकडे वळतो, मग फार्मसीत जाऊन हळू आवाजात एखादी गोळी मागतो आणि डॉक्टरकडे जातो तो सगळे करून थकल्यावर. हा क्रम उलटा करायला हवा.

सर्वप्रथम, आपल्याला खरोखरच शीघ्रपतन आहे का, हे पाहावे. लैंगिक वैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2014 च्या व्याख्येनुसार पहिल्या संबंधापासूनच जवळजवळ प्रत्येक वेळी योनिप्रवेशापूर्वी किंवा त्यानंतर सुमारे एका मिनिटात पतन होणे, अथवा पूर्वी ठीक असलेला अवधी सुमारे तीन मिनिटांवर किंवा त्याहून खाली येणे, त्यावर आपला ताबा नसणे आणि त्याचा मनस्ताप होऊन जवळीक टाळली जाणे, या सर्व गोष्टी एकत्र असाव्या लागतात. पाच देशांतील जोडप्यांनी स्टॉपवॉच लावून केलेल्या, 2005 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रवेशापासून पतनापर्यंतचा अवधी मध्यक धरून (म्हणजे निम्म्यांचा याहून कमी, निम्म्यांचा जास्त) 5.4 मिनिटे इतका भरला होता. मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून अर्ध्या तासाची अपेक्षा ठेवणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. तसेच, कित्येक महिने जहाजावर काढून घरी आलेल्या तारवटीला, म्हणजे खलाशाला, पहिल्या काही रात्री लवकर पतन झाले, तर तो आजार नव्हे. थोड्याच दिवसांत ते आपोआप सुधारते.

खरा त्रास मात्र त्या मिनिटापुरता राहत नाही. नवरा उशिरापर्यंत टीव्हीसमोर बसतो, रात्रपाळी मागून घेतो, पाठ फिरवून झोपतो. बायकोला वाटते की आपण त्याला नकोशा झालो आहोत. तो लाजेने गप्प आणि ती अपमानाने गप्प, अशी वर्षे जातात. लग्नाला नकार देणाऱ्या काही तरुणांच्या मनातही हीच धास्ती असते. म्हणून बायकोशी बोलणे हा मी उपचाराचाच भाग मानतो. मात्र हे बोलणे अंथरुणात, नुकत्याच झालेल्या निराशेनंतर करू नये. दिवसा, निवांत वेळी, 'मला हा त्रास आहे, तुझ्यात काही कमी नाही आणि मी डॉक्टरांना भेटणार आहे,' इतके सरळ सांगितले तरी पुष्कळ ओझे उतरते.

डॉक्टर आधी हे विचारतील की त्रास पहिल्यापासून आहे की मध्येच सुरू झाला. पहिल्यापासूनच्या त्रासात मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाचे कार्य आणि उपजत घडण यांचा वाटा असतो असे मानले जाते. हस्तमैथुनामुळे 'धातू' जाऊन हे होते, या समजाला आधार नाही. मध्येच सुरू झाला असेल, तर थायरॉइडचे अतिरिक्त कार्य, प्रोस्टेटची सूज, मानसिक ताण किंवा ताठरतेचा दोष शोधावा लागतो. ताठरता जाईल या भीतीने पुरुष घाई करतो आणि त्या घाईचीच सवय लागते. अशा वेळी आधी ताठरतेवर उपचार करावे लागतात आणि मधुमेहाची तपासणीही करून घ्यावी लागते. गोव्यातल्यांसाठी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात मूत्ररोग विभाग आहे, तर मनोविकारांची सरकारी संस्थाही बांबोळीलाच आहे. गोवा लहान आहे, ओपीडीत कोणी ओळखीचे भेटेल ही धाकधूक मी समजू शकतो; पेडण्याच्या माणसाने हवे तर मडगावचा डॉक्टर गाठावा, पण जावे.

घरी करायचा सर्वांत उपयुक्त सराव म्हणजे 'थांबा आणि पुन्हा सुरू करा' ही पद्धत, जी जेम्स सीमन्स या अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञाने 1956 साली मांडली. सुरुवात एकट्याने, कोरड्या हाताने करावी. उत्तेजना वाढत जाऊन आता आवरणार नाही असे वाटण्याच्या थोडे आधी हात थांबवावा, श्वास संथ सोडावा, ओटीपोट आणि मांड्या सैल ठेवाव्यात आणि तो आवेग ओसरला की पुन्हा सुरू करावे. असे तीन वेळा थांबून चौथ्या वेळी पतन होऊ द्यावे. नेमका क्षण ओळखता येणे हेच इथले खरे शिक्षण आहे. पहिल्या काही वेळा तो हुकतोच आणि त्याने खचून जाऊ नये. हे जमले की वंगण लावून, मग पत्नीच्या हाताने आणि शेवटी पत्नी वर असताना, प्रवेशानंतर काही वेळ हालचाल न करता हाच सराव करावा. निरोध वापरत असाल तर खोबरेल तेल लावू नये, कारण तेलाने निरोधाचे लॅटेक्स रबर कमकुवत होते. या सरावाला आठवडे लागतात, आणि घरात माणसे फार व खोल्या कमी असतील तर दार लावून घेता येईल अशी वेळ दोघांनी मिळून ठरवावी लागते.

औषधे डॉक्टरांनी लिहून दिली तरच घ्यावीत. डॅपोक्सेटिन ही गोळी संबंधाच्या एक ते तीन तास आधी घेतात. तिच्यामुळे रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते, म्हणून त्या दिवशी फेणी, हुर्राक किंवा बिअर, काहीही घेऊ नये, आणि हृदयविकार असल्यास अथवा नैराश्याच्या गोळ्या चालू असल्यास ते आधी सांगावे. वेळ वाढावा म्हणून दोन पेग घेणाऱ्यांची ताठरता मात्र अनेकदा बिघडते. लिडोकेन-प्रिलोकेनचे बधिर करणारे मलम लावल्यास ते संबंधापूर्वी धुऊन टाकावे किंवा निरोध वापरावा, नाहीतर पत्नीलाही बधिरता येते. पॅरोक्सेटिनसारखी रोज घ्यायची गोळी परिणाम दाखवायला एक-दोन आठवडे घेते आणि ती एकदम बंद करायची नसते. शुक्राणूंवर तिचा परिणाम होऊ शकत असल्याने मूल हवे असल्यास हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे. आणि प्रवेशापूर्वीच पतन होत असल्यामुळे गर्भ राहत नसेल, तर पत्नीच्या तपासण्या सुरू होण्याआधी ही बाब स्त्रीरोगतज्ज्ञांनाही नवऱ्याने स्वतः सांगावी.