ग्रहविज्ञानासाठी इस्रोकडे प्रस्ताव पाठवताना

तरुण प्राध्यापक प्रस्तावाचा मसुदा दाखवायला येतात, तेव्हा माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: डेटा उघडून पाहिलात का? चांद्रयान-२ चं ऑर्बिटर ऑगस्ट २०१९ पासून चंद्राभोवती फिरतंय. त्याची निरीक्षणं इस्रोच्या ‘प्रदान’ पोर्टलवर नोंदणी करून फुकट उतरवून घेता येतात. तरीही कितीतरी प्रस्ताव एकही फाईल न उघडता लिहिलेले असतात, आणि परीक्षकाला ते दुसऱ्या पानावरच कळतं. भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या, छोट्या विभागात बसून संशोधन करणाऱ्या माणसालाही हे अनुदान मिळू शकतं, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे.

आधी दार कुठलं ते ठरवा. विद्यापीठं आणि महाविद्यालयांसाठी इस्रोची ‘रिस्पॉन्ड’ योजना आहे. तिच्या ‘बास्केट’मध्ये इस्रोला हवे असलेले विषय छापलेले असतात. विषयासमोर केंद्राचं नाव असतं, तिथल्या शास्त्रज्ञाचं नाव असतं आणि काम संपल्यावर काय हातात यायला हवं तेही असतं. त्या शास्त्रज्ञाला लिहिण्याआधी हा मजकूर सावकाश वाचा, आणि मग एका पानाचं टिपण पाठवा, अख्खा प्रस्ताव नको. मोहिमांचा डेटा वापरण्यासाठी इस्रो अधूनमधून वेगळं आवाहनही काढते, त्यावर लक्ष ठेवा. तुमचा प्रश्न कुठल्याच मोहिमेशी बांधलेला नसेल, तर सर्ब या केंद्राच्या संशोधन मंडळाच्या जागी आलेल्या एएनआरएफ या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडे जाणं बरं.

आता प्रश्नाविषयी. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. ‘चंद्रावरील पाण्याचा अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. चांद्रयान-१ वरच्या एम-थ्री या वर्णपटमापकाने (परावर्तित प्रकाशाची तरंगलांबीनुसार फोड करणाऱ्या उपकरणाने) २००९ मध्ये हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) आणि पाण्याच्या खुणा दाखवल्या, पण त्याची नजर ३ मायक्रॉन तरंगलांबीपाशी संपत होती. म्हणजे ज्या शोषणपट्ट्यावर (ज्या तरंगलांबींचा प्रकाश पाणी शोषून घेतं त्या भागावर) सगळी भिस्त, तो अर्धाच दिसत होता. शिवाय दुपारी तापलेल्या पृष्ठभागाची स्वतःची उष्णता नेमकी त्याच भागात मिसळते. ती किती वजा करायची यावरून पुढे बरेच मतभेद झाले. चांद्रयान-२ वरचं आयआयआरएस हे अवरक्त वर्णपटमापक साधारण ०.८ ते ५ मायक्रॉनपर्यंत पाहतं. अख्खा पट्टा दिसतो, आणि उष्णतेचा अंदाज त्याच वर्णपटाच्या पुढच्या भागावरून बांधता येतो. मग प्रश्न असा होतो: एकाच भूभागाच्या सकाळच्या आणि दुपारच्या निरीक्षणांत, उष्णता वजा केल्यावर, पट्ट्याची खोली खरंच बदलते का?

असा प्रश्न लिहिलात की पुढचं काम आपोआप समोर येतं. त्या भूभागाची दोन वेगवेगळ्या वेळांची निरीक्षणं आहेत का? आयआयआरएस एका फेरीत जमिनीची जेमतेम २० किलोमीटर रुंद पट्टी टिपतं, त्यामुळे एकावर एक येणाऱ्या जोड्या शोधाव्या लागतात. प्रत्येक फाईलसोबत एक्सएमएल लेबल येतं. त्यातली वेळ, अक्षांश-रेखांश, सूर्यकिरणांचा कोन तक्त्यात उतरवून घ्या. जोड्या सापडल्या तर तो तक्ता प्रस्तावात घाला आणि एका जोडीचा वर्णपट काढून दाखवा. त्यात खराब बँड (नोंद बिघडलेल्या तरंगलांबी) दिसले तर ते झाकू नका, त्यांचं काय करणार ते एका वाक्यात लिहा. जोड्या सापडल्या नाहीत तर प्रश्न बदला. प्रस्ताव पाठवण्याआधी हे कळणं केव्हाही चांगलं.

पृथ्वीवरच्या खडकांवर काम करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. आपल्याकडे लोणार आहे. बेसाल्टमधलं इतकं सुस्थितीतलं आघातविवर जगात विरळा, आणि चंद्रावरच्या काळपट, बेसाल्टच्याच मैदानांशी त्याची तुलना रास्तच आहे. पण चांद्रयान-३ जिथे उतरलं, त्या दक्षिणेकडच्या उंच प्रदेशाच्या मातीशी लोणारची तुलना करू नका. तिथे प्रज्ञान रोव्हरवरच्या एपीएक्सएस या मूलद्रव्यं मोजणाऱ्या उपकरणाला फेरोअन ॲनॉर्थोसाइट या फिकट, फेल्डस्पारने भरलेल्या खडकाशी जुळणारी माती सापडली. त्या कामासाठी तमिळनाडूतलं सित्तमपुंडीचं ॲनॉर्थोसाइट हवं. इस्रोने चंद्रावरच्या मातीची नक्कल बनवायला खडक तिथूनच नेला होता. लोणारचेच नमुने हवे असतील तर ते अभयारण्य आहे हे ध्यानात ठेवा. वनविभागाचं परवानगीपत्र, निदान अर्जाची पोच तरी, प्रस्तावाला जोडा.

अंदाजपत्रकात सगळ्यात मोठा आकडा बहुधा माणसाचा असतो आणि तो तसाच असावा. केंद्र सरकारच्या २०२३ पासूनच्या दरांनी ज्युनिअर रिसर्च फेलोला महिना ३७,००० रुपये आणि सीनिअरला ४२,००० रुपये मिळतात. दोन वर्षं ज्युनिअर आणि तिसरं वर्ष सीनिअर धरलं तर १३,९२,००० रुपये होतात, वर शहराच्या श्रेणीप्रमाणे घरभाडे भत्ता. पाठवण्याआधी चालू दर एकदा ताडून पाहा. भत्ता विसरलात तर तिसऱ्या वर्षी त्या मुलाच्या किंवा मुलीच्या पगाराला पैसे उरत नाहीत. मोठ्या उपकरणाचा मोह टाळा. शेजारच्या संस्थेत एक्सआरडी किंवा मायक्रोप्रोब (खनिजं ओळखणारी, त्यांची घडण मोजणारी यंत्रं) असेल तर तिथलं नमुन्यामागचं शुल्क लिहा, आणि वापराला हरकत नसल्याचं पत्र जोडा. संगणक आणि साठवणुकीची जागा मात्र हात राखून मागू नका. आयआयआरएसच्या फायली मोठ्या असतात.

प्राचार्यांची किंवा कुलसचिवांची सही शेवटच्या दिवसावर टाकू नका. आधी लेखा विभागात जाऊन बसा. प्रकल्पाचं खातं कोण सांभाळणार, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून खरेदी कोण करणार, हे तिथल्या माणसाशी बोलून ठरवा. अनुदान हप्त्यांनी येतं. दरवर्षी खर्चाचा तक्ता आणि सरकारी वित्तीय नियमांच्या (जीएफआर) १२-ए नमुन्यातलं विनियोग प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा हप्ता हलत नाही. खात्यावरचं व्याजही सरकारचंच असतं, ते वेगळं दाखवावं लागतं. मार्च संपला की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हे दोन्ही कागद तयार ठेवायचे, असं लेखा विभागाला पहिल्याच भेटीत सांगून ठेवा. फेलोची नेमणूक आणि त्याचा पगार त्या तारखेवरच अवलंबून असतो.