एसएसवर (स्टेनलेस स्टीलवर) टायटॅनियम डायऑक्साइडचं कोटिंग: आदल्या दिवशीच करून ठेवायच्या गोष्टी

उद्या डिपॉझिशन (करंट देऊन पत्र्यावर थर बसवणं) लावायचं असेल तर आज संध्याकाळीच बसा, कारण सेल, म्हणजे थर बसवायचं भांडं, चालतो काही मिनिटंच, खरं काम सगळं पत्र्याचं आहे. एसएस ३०४ चे तुकडे एकाच मापाचे कापा आणि कडेची बर (कापताना उठलेली धारदार कोर) घासून काढा, करंट कडेला जास्त जातो, तिथे थर जाड बसतो आणि मग सुटायला सुरुवातही तिथूनच होते. मग ४००, ८००, १२०० नंबरचा पॉलिश पेपर, पाणी लावून, दर वेळी आधीच्या ओरखड्यांना आडवं घासायचं. त्यानंतर अ‍ॅसिटोनमध्ये सोनिकेटर (ध्वनिलहरींनी धुणारं यंत्र), मग डीआय वॉटर (क्षार काढलेलं पाणी). आता पत्रा उभा धरून बघा, पाण्याचा पातळ पडदा सलग राहिला तर ठीक, थेंब थेंब होऊन फाटला तर तेल राहिलंय, परत धुवा. ही टेस्ट फुकट आहे, प्लीज टाळू नका. आणि इथून पुढे ग्लोव्हज, बोट लावायचं नाही.

अ‍ॅसिटोनची बाटली मात्र लगेच बंद करून दुसऱ्या टेबलावर ठेवा. बाथमध्ये, म्हणजे थर बसवायच्या द्रावणात, अ‍ॅसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड दोन्ही असतं, त्यात अ‍ॅसिटोन गेलं तर स्फोटक पेरॉक्साइड तयार होऊ शकतं, म्हणून वेस्टच्या बाटल्याही वेगळ्या आणि लेबल लावलेल्या हव्यात.

बाथसाठी टायटॅनिल सल्फेट, पेरॉक्साइड, पोटॅशियम नायट्रेट काढून ठेवा, बाथ सकाळी ताजाच करा. पेरॉक्साइड टाकलं की केशरी-पिवळा रंग येतो, तो आलाच पाहिजे. लवकर विरघळावं म्हणून गरम करू नका, दुधाळ होतं. नायट्रेट विसरू नका, कॅथोडवर (ऋण टोकावर, म्हणजे आपल्या पत्र्यावर) त्याचं रिडक्शन होताना, म्हणजे ते इलेक्ट्रॉन घेताना, हायड्रॉक्साइड सुटतो, पत्र्याजवळचा पीएच वाढतो आणि तिथेच टायटॅनियमचं ओलं जेल बसतं. व्होल्टेज जास्त झालं तर हायड्रोजनचे बुडबुडे थराला भोकं पाडतात.

जेल घाईत वाळवलं की तडे जातात, त्यामुळे झाकून सावकाश वाळवायला जागा आजच बघा. भट्टीचा स्लॉट घ्या, ४०० ते ४५० डिग्री, हळूहळू चढवत, म्हणजे अ‍ॅनाटेज (टायटॅनियम डायऑक्साइडचं एक स्फटिक रूप) मिळतं. आणि एक कोरा तुकडाही सोबत टाका, कारण नुसतं स्टीलसुद्धा तापलं की सोनेरी पिवळं होतं आणि त्यालाच बरेच जण कोटिंग समजतात. सगळ्या तुकड्यांच्या मागे नंबर कोरून वजनं आत्ताच लिहून ठेवा, कोऱ्याचं पण.