डर्बिशरच्या खेड्यात राहायला येणाऱ्यांसाठी: गावच्या बातम्या, सभा आणि वर्षभराचे कार्यक्रम

शेफील्ड, चेस्टरफील्ड किंवा डर्बी येथे नोकरी मिळाल्यावर शहरात न राहता इंग्लंडच्या डर्बिशर परगण्यातील पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातील एखाद्या खेड्यात घर घ्यावे, असा विचार करणारी मराठी कुटुंबे अधूनमधून माझ्याकडे चौकशी करतात. त्यांचे प्रश्न शाळा, बसची वेळ, थंडीतला रस्ता आणि इंटरनेटचा वेग यांविषयी असतात. गावात काय चालले आहे ते कसे कळते आणि त्यात आपण कोठून शिरायचे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. पहिल्या वर्षी सर्वांत जास्त अडते ते येथेच. इंग्लिश खेड्यात शेजारी आपणहून घरी येऊन कार्यक्रमाचे निमंत्रण देतीलच असे नाही. त्यात दुरावा नसतो. सूचना फलकावर लागलेली आहे, म्हणजे ती सर्वांना कळली आहे, असे येथे गृहीत धरले जाते.

म्हणून पहिल्या आठवड्यात फलक कोठे आहे ते पाहून घ्यावे. तो बहुधा बसथांब्याजवळ, चर्चच्या फाटकाशी किंवा ग्रामसभागृहाच्या, म्हणजे व्हिलेज हॉलच्या, भिंतीवर असतो. त्यावर पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे ग्रामपरिषदेच्या, सभेची सूचना, रस्ता बंद राहण्याची तारीख, हरवलेल्या मांजराचे चित्र आणि शनिवारच्या कॉफी मॉर्निंगची चिठ्ठी शेजारी शेजारी लावलेली आढळते. दुसरे साधन म्हणजे पॅरिश मासिक. पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या हद्दीतील गाव; असे नाव चर्चशी जोडलेले असले तरी ते धर्मकार्यापुरते नसते. व्हिलेज हॉलमधील व्यायामवर्गाच्या वेळा, बागकाम मंडळाचे व्याख्यान, धुराडे साफ करणाऱ्याची जाहिरात, देणगीदारांचे आभार आणि गावात कोणाचे निधन झाले याची वार्ता, हे सारे त्यात असते. बहुतेक ठिकाणी एखादे निवृत्त गृहस्थ किंवा बाई ते स्वतः दारोदार पोहोचवतात. वर्गणी असल्यास ती तत्काळ भरावी आणि अंक शेवटच्या पानापर्यंत वाचावा. निधनवार्ता वगळू नयेत. ज्यांच्याशी चार शब्दांचीही ओळख झाली असेल, त्यांच्या घरी दोन ओळींचे शोकपत्र पाठवणे येथे साधे सौजन्य मानले जाते. न बोलावता भेटीस जाणे मात्र टाळावे. व्हॉट्सअ‍ॅपचे गट आता खेड्यांतही आहेत, पण त्यांतील मजकूर कचऱ्याच्या डब्यांपासून ओरडणाऱ्या कोंबड्यापर्यंत वाहत जातो. ज्यावर विसंबता येईल ती तारीख फलकावर आणि मासिकातच असते.

त्यामुळे पॅरिश कौन्सिल आणि चर्च एकच, असा नव्या माणसाचा बऱ्याचदा गोंधळ होतो. १८९४ च्या कायद्याने गावचा नागरी कारभार चर्चपासून वेगळा काढला आणि तेव्हापासून पॅरिश कौन्सिल ही इंग्लंडमधील स्थानिक स्वराज्याची सर्वांत खालची पायरी आहे. तिचे सदस्य सहसा विनावेतन काम करतात आणि कागदपत्रे क्लार्क सांभाळतो. खेळाचे मैदान, बाके, दफनभूमी, काही ठिकाणी जुन्या लाल टेलिफोन खोक्यात बसवलेले बंद पडलेले हृदय विजेच्या धक्क्याने सुरू करणारे यंत्र, अशा गोष्टी तिच्याकडे असतात, आणि त्यांसाठी तुमच्या कौन्सिल टॅक्सच्या बिलात एक वेगळी छोटी रक्कम धरलेली असते. सभेची सूचना किमान तीन पूर्ण दिवस आधी लावावी लागते. बहुतेक सभांत नागरिकांना बोलण्यासाठी थोडा वेळ राखून ठेवलेला असतो. याखेरीज १ मार्च ते १ जून या काळात गावची वार्षिक सभा भरते. ती कौन्सिलची नसून मतदारांची असते, आणि तेथे वर्षभरात गावात काय झाले याचे अहवाल एका संध्याकाळी ऐकायला मिळतात. पहिल्याच वर्षी या सभेला जाऊन मागच्या रांगेत बसावे. गावातील मतभेद कोणत्या गोष्टीवरून आहेत हे तेथे जितके लवकर उमगते तितके दुसरीकडे कोठेही उमगत नाही.

तक्रार कोणाकडे करायची हेही आधीच समजून घ्यावे. सध्याच्या रचनेनुसार कचरा, कौन्सिल टॅक्सची वसुली आणि मतदारयादी हे विषय डर्बिशर डेल्स किंवा हाय पीक यांसारख्या मधल्या परिषदेकडे आहेत. रस्त्यावरचे खड्डे, हिमकाळात मीठ टाकणे, शाळा आणि ग्रंथालये काउंटी कौन्सिलकडे, म्हणजे साऱ्या परगण्याच्या परिषदेकडे, आहेत. पीक डिस्ट्रिक्ट हे १९५१ साली घोषित झालेले ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान असल्यामुळे त्याच्या हद्दीत घराला खोली वाढवायची असेल किंवा खिडक्या बदलायच्या असतील, तर बांधकाम परवानगीचा निर्णय उद्यान प्राधिकरण घेते. पॅरिश कौन्सिल त्यावर केवळ मत कळवते. तरीही अर्ज करण्यापूर्वी शेजाऱ्यांशी प्रत्यक्ष बोलावे. फलकावर नोटीस वाचून त्यांना प्रथम कळणे ही गोष्ट पुढे कित्येक वर्षे विसरली जात नाही.

भारतीय पारपत्र असलेल्यांनी एक हक्क ध्यानात ठेवावा. येथे वैध परवान्याने राहणारा राष्ट्रकुलाचा नागरिक मतदारयादीत नाव नोंदवू शकतो आणि पॅरिशपासून संसदेपर्यंतच्या निवडणुकांत मत देऊ शकतो. इंग्लंडमध्ये २०२३ पासून मतदान केंद्रावर छायाचित्राची ओळख दाखवावी लागते, आणि त्यासाठी भारतीय पारपत्र चालते. कायमस्वरूपी वास्तव्याची परवानगी मिळाल्यावर पॅरिश कौन्सिलची निवडणूकही लढवता येते. लहान गावांत जागेइतकेही उमेदवार मिळत नाहीत आणि रिकाम्या जागा नियुक्तीने भरल्या जातात, त्यामुळे ही गोष्ट वाटते तितकी दूरची नाही.

आता कार्यक्रमांकडे वळू. डर्बिशरच्या खेड्यात मिसळण्याचा राजमार्ग कोणता असे मला विचारले, तर मी निःसंकोचपणे वेल ड्रेसिंगचे नाव घेईन. मे ते सप्टेंबर या काळात गावोगावी विहिरी, झरे आणि जुने सार्वजनिक नळ फुलांच्या पाकळ्यांनी घडवलेल्या चित्रांनी सजवले जातात. टिसिंग्टन गावाचा मान यात मोठा आहे. तेथे हा सोहळा ईस्टरनंतर ३९ दिवसांनी, असेन्शन डेच्या, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या, गुरुवारी सुरू होतो. चौदाव्या शतकातील महामारीत गावाच्या निर्मळ पाण्याने लोक वाचले, असे कोणी सांगतात, तर १६१५ च्या दुष्काळातही झरे आटले नाहीत म्हणून ही कृतज्ञता, असे दुसरे सांगतात. कामाची रीत मात्र सगळीकडे जवळपास सारखी आहे. मोठ्या लाकडी फळ्या कित्येक दिवस पाण्यात भिजत ठेवतात. त्यांवर खिळे ठोकलेले असतात, म्हणजे माती घट्ट बसते. मग पाणी व मीठ घालून तुडवलेल्या चिकणमातीचा थर देतात, कागदावरचे चित्र त्यावर ठेवून टोचून उतरवतात आणि अल्डर झाडाच्या लहान काळ्या शंकूंनी, कॉफीच्या बियांनी किंवा लोकरीने रेषा पक्क्या करतात. शेवटी पाकळ्या लावतात, त्याही खालून वर, कौलांप्रमाणे एकावर एक चढवून, म्हणजे पावसाचे पाणी ओघळून जाते. ज्यांच्या घरी दारात रांगोळी काढण्याची सवय आहे, त्यांचा हात या कामावर पहिल्या दिवसापासून बसतो.

या चित्रांचे आयुष्य जेमतेम आठवडाभराचे असते, पण त्यांसाठी दोन-तीन दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत माणसे लागतात आणि ती कधीच पुरेशी नसतात. मासिकात ‘पाकळ्या लावण्यासाठी मदत हवी’ अशी ओळ दिसताच जावे. अनुभव विचारला जात नाही. एका फळीभोवती चार तास शेजारी बसून जी ओळख होते, ती उद्घाटनाच्या दिवशी बँड ऐकत गर्दीत उभे राहून होत नाही. पाकळ्या आणण्यासाठी मात्र दुसऱ्याच्या बागेत हात घालू नये. कोणाच्या हायड्रेंजिया कधी तोडायच्या हे आधीच ठरलेले असते. फळ्यांवर बहुधा बायबलमधील प्रसंग असतो आणि विहिरीला पाद्री आशीर्वाद देतात, पण काम करणाऱ्यांत चर्चला कधीच न जाणारेही पुष्कळ असतात.

इतर काही तारखा माहीत असणे सोयीचे आहे. श्रोव्ह ट्यूजडे (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या आदल्या दिवशीचा मंगळवार) आणि त्यानंतरचा बुधवार या दोन दिवशी ॲशबोर्न शहरातून गाडी नेण्याचा बेत करू नये. अर्धे शहर विरुद्ध अर्धे शहर असा चेंडूचा खेळ दुपारी दोनपासून रात्रीपर्यंत रस्त्यांतून आणि नदीतून चालतो, त्याचे गोल सुमारे पाच किलोमीटर अंतरावर असतात आणि दुकानांना फळ्या ठोकलेल्या असतात. कॅसलटनला २९ मे रोजी फुलांच्या भल्यामोठ्या गार्लंडने, म्हणजे फुलांनी मढवलेल्या सांगाड्याने, झाकलेला ‘राजा’ घोड्यावरून फिरतो. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ईम या गावात प्लेगची आठवण केली जाते. १६६५ साली तेथे साथ आली. पुढच्या वर्षी विल्यम मॉम्पेसन या पाद्र्याच्या पुढाकाराने गावाने स्वतःला कोंडून घेतले आणि आजूबाजूचा प्रदेश वाचवला. ज्यांच्या घरात १८९७ च्या पुण्यातील प्लेगच्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यांनी तो दिवस तेथे जाऊन पाहावा.

उन्हाळ्याच्या अखेरीस फुलांचे आणि भाज्यांचे प्रदर्शन भरते. त्याची नियमावली आधी मिळवून शब्दशः पाळावी लागते: पाच कांदे म्हटले तर पाचच, आणि बरणीवर कोणत्याही कंपनीचे नाव नको. नियम मोडलेल्या पदार्थावर ‘नियमावलीप्रमाणे नाही’ अशा अर्थाची चिठ्ठी ठेवली जाते, मग चव कितीही उत्तम असो. चटणीच्या विभागात आपल्याला संधी असते, परंतु येथे चटणी म्हणजे फळे, साखर आणि व्हिनेगर शिजवून मुरवलेला पदार्थ. लसणीची कोरडी चटणी ठेवून परीक्षकाला संकटात टाकू नये.

खाद्यपदार्थ नेण्याविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे. ब्रिटनमध्ये ॲलर्जी आणणाऱ्या १४ पदार्थांची अधिकृत यादी आहे, आणि शेंगदाणा, तीळ व मोहरी हे तिन्ही त्या यादीत आहेत. आपला बहुतेक स्वयंपाक या तिघांपैकी कशाशी तरी जोडलेला असतो. बाजारच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठही असते. गावच्या जेवणाला बटाटेवडे किंवा कोशिंबीर न्यायची असेल, तर घटकांची स्वच्छ अक्षरांतील चिठ्ठी ताटाजवळ ठेवावी आणि दाण्याचे कूट घातलेला पदार्थ शक्यतो घरीच ठेवावा. तिखटाची चिंता तितकी करावी लागत नाही. खेड्यातील पबमध्येही करी मिळते.

आपले सण गावात करायचे असतील तर व्हिलेज हॉल भाड्याने मिळतो आणि स्थानिक रहिवाशांना बहुधा दर कमी असतो. आरक्षण पाहणारी व्यक्ती स्वयंसेवक असते, तिला रात्री फोन करू नये. तयारी आणि झाडलोट यांचा वेळ भाड्याच्या वेळेतच धरलेला असतो. उदबत्ती, निरांजन आणि तळण यांविषयी आधीच लेखी विचारावे, कारण धूरसूचक यंत्र आणि विम्याच्या अटी दोन्ही कडक असतात. गणपतीची मूर्ती मातीची आणावी आणि विसर्जन घरी बादलीत करावे. येथील नद्यांच्या काठांवर आणि मासेमारीवर खासगी हक्क असतात, तेव्हा परवानगीशिवाय पाण्यात काहीही सोडू नये. ज्यांना मोठा उत्सव हवा असेल त्यांनी शहराकडे जावे. १९३२ साली स्थापन झालेले लंडनचे महाराष्ट्र मंडळ दूर पडते, पण जवळच्या शहरांतील मराठी मंडळी शनिवार-रविवार गाठून कार्यक्रम करतात. अडचण अशी की गावातील प्रदर्शन आणि सुगीचे जेवण हीदेखील बहुधा सप्टेंबरच्या शनिवार-रविवारीच येतात. दोन्हीकडे अर्धे अर्धे जाण्यापेक्षा एका वर्षी एक पूर्ण करावे, असे माझे मत आहे.

फटाक्यांबाबत कायदा दिवाळीला अनुकूल आहे. एरवी रात्री ११ नंतर फटाके उडवता येत नाहीत, गाय फॉक्सच्या नावाने शेकोट्या पेटवून साजऱ्या होणाऱ्या ५ नोव्हेंबरला ही मर्यादा १२ पर्यंत आहे, तर दिवाळीच्या रात्री ती १ वाजेपर्यंत आहे. तरीही भोवती मेंढ्या आणि घोडे असतात, हे लक्षात घेऊन आवाजी फटाके वर्ज्य करावेत आणि तारीख आधीच्या महिन्याच्या मासिकात छापून आणावी. मजकूर स्वीकारण्याची मुदत बहुधा आदल्या महिन्याच्या मध्याला संपते.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी ११ वाजता युद्धस्मारकापाशी दोन मिनिटांची शांतता पाळली जाते आणि गावातून गेलेल्या सैनिकांची नावे वाचली जातात. लहान गावांतही ही यादी लांब असते, आणि एकच आडनाव दोन-तीनदा येते. येथे परका म्हणून बाजूला उभे राहण्याचे कारण नाही. पहिल्या महायुद्धात, १९१५-१६ च्या इराकमधील कुतच्या वेढ्यात इंग्रज पलटणींबरोबर मराठा पलटणीही अडकल्या होत्या आणि त्या डिव्हिजनचे नावच पुणे डिव्हिजन असे होते. गडद कपडे घालावेत, कोटावर कागदी पॉपी, म्हणजे युद्धात पडलेल्यांच्या स्मरणाचे लाल फूल, लावावी, दहा मिनिटे आधी पोहोचावे.

त्यानंतर शेफील्डच्या आसपासच्या आणि उत्तर डर्बिशरच्या काही गावांत पबमध्ये कॅरल, म्हणजे नाताळची गीते, गाणे सुरू होते ते नाताळापर्यंत चालते. चाली स्थानिक असतात, त्या इतरत्र ऐकू येत नाहीत, आणि पुस्तिका मागितली तर कोणीही देते. डिसेंबरच्या मासिकात नाताळच्या आठवड्यातील कचरा उचलण्याचे बदललेले दिवस छापलेले असतात. ते पान कापून फ्रिजवर लावावे, आणि त्याच अंकात पुढच्या वर्षासाठी मासिक वाटणारे कोणी हवे आहे अशी विनंती असली, तर आपल्या गल्लीपुरते काम मागून घ्यावे.