पहाटे तीनची ‘टुक्’

पहाटे तीन वाजता छतावरच्या स्मोक डिटेक्टरची, म्हणजे धूर आला की भोंगा वाजवणाऱ्या डबीची, दर मिनिटाला एकदा ‘टुक्’. मी स्टुलावर चढलो, बॅटरी उपसली, झोपलो. नवी घालायची आठवण व्हायला साडेचार महिने लागले! तेवढे दिवस छताला चिकटलेलं ते नुसतं प्लॅस्टिकचं झाकण होतं.

म्हणून पहिलं काम बॅटरीचं. ‘टुक्’ म्हणजे बहुतेक वेळा बॅटरी संपत आली. ती रात्रीच का वाजते? गारव्यात बॅटरीचं व्होल्टेज थोडं उतरतं आणि काठावर आलेली बॅटरी तेव्हाच खाली घसरते. नवी हातात असल्याशिवाय जुनी काढू नका.

माझा डिटेक्टर फोटोइलेक्ट्रिक. त्याच्या आत काळी, आडवळणाची डबी असते. त्यात एक एलईडी आणि एक सेन्सर, पण समोरासमोर नव्हे, तिरके. त्यामुळे एरवी सेन्सरला उजेड दिसतच नाही. धूर शिरला की कणांवर आपटून उजेड विखुरतो, थोडा सेन्सरवर पडतो आणि भोंगा सुटतो. कवडशात धूळ दिसते ना, तसंच. गंमत म्हणजे वाफ, धूळ, कोळीसुद्धा त्याला धूरच वाटतात. तेव्हा बाथरूमच्या दारापाशी तो लावू नका, शेगडीपासून 3 मीटर तरी लांब ठेवा आणि अधूनमधून व्हॅक्युमने जाळी साफ करा.

दुसरी जात आयनीकरणाची. तिच्यात अमेरिशियम-241 या किरणोत्सारी धातूचा कण असतो. त्याच्या अल्फा किरणांमुळे दोन पट्ट्यांमधल्या हवेत आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, तयार होतात आणि विजेचा बारीकसा प्रवाह वाहतो. धूर आयनांना चिकटला की प्रवाह घटतो. हा कधीही उघडू नका. भडकलेली आग याला लवकर कळते, धुमसणारी गादी फोटोइलेक्ट्रिकला. एकच घ्यायचा तर मी फोटोइलेक्ट्रिकच घेईन, कारण झोपेत धुराचा वास माणसाला उठवेलच असं नाही.

जागा: प्रत्येक झोपायच्या खोलीत आणि खोल्यांबाहेर, छतावर. भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात धूर उशिरा पोचतो. भिंतीपासून निदान 10 सेंटिमीटर सोडा.

महिन्यातून एकदा बटण दाबा. त्यातून भोंगा आणि सर्किट कळतं, जाळी तुंबलीय का ते कळत नाही. दहा वर्षांनी अख्खा डिटेक्टर बदला. अमेरिशियम संपतं म्हणून नव्हे, त्याचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) 432 वर्षांचं आहे. थकतात ते सेन्सर आणि सर्किट. वर्षं मोजायची ती मागे छापलेल्या उत्पादनाच्या तारखेपासून. माझ्याकडचा दुकानातच दोन वर्षं पडून होता.