संत्र्याचा पिवळेपणा: आधी पान बघा, मग पोतं उघडा

परतीचा पाऊस गेला, ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं, की काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेरकडच्या बागांतून एकच तक्रार ऐकू येते: झाडं पिवळी पडली. उपायही ठरलेला. झाडामागे ओंजळभर युरिया, वरून कृषी केंद्रातलं टॉनिक, आणि फरक पडला नाही की दुसरं टॉनिक. पिवळं दिसलं म्हणजे नत्र (नायट्रोजन) कमी, हा समज आपल्याकडे फार घट्ट बसला आहे.

नत्र कमी पडलं तर आधी जुनी पानं पिवळी होतात, आणि तीही सगळी सारखी, शिरांसकट. मॅग्नेशियमची कमतरताही जुन्याच पानांवर येते, पण तिथे देठाजवळ हिरवा त्रिकोण शिल्लक राहतो. नवतीची, म्हणजे नव्या फुटीची पानं पिवळी आणि शिरांची जाळी तेवढी हिरवीगार, तर ते लोह कमी पडल्याचं काम आहे. नवती बारीक, अरुंद, शेंड्याला गुच्छासारखी आणि शिरांच्या मधे पिवळे पट्टे, तर जस्त (झिंक) कमी पडल्याचं. या दोन्हींवर युरिया टाकून काहीही साधत नाही.

उलट आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेर फुललेली) फळं झाडावर असताना आत्ता जास्त युरिया दिला तर फळाला रंग उशिरा चढतो आणि साल जाड राहते. शिवाय कोवळी फूट निघते, तिच्यावर सायला (रस शोषणारी बारीक कीड) आणि पाने पोखरणारी अळी तुटून पडते. मृग बहाराची (पावसाळ्यात फुललेली) फळं पोसत असतील तर खताची गरज आहे, पण तेही हप्त्याहप्त्याने द्या.

लोहाची गोष्ट गमतीची आहे. आपल्या जमिनीत लोह भरपूर असतं. चुनखडी आणि वाढलेला सामू (पीएच) यामुळे ते मुळांना मिळत नाही, इतकंच. त्यामुळे आळ्यात नुसतं हिराकस (फेरस सल्फेट) टाकलं तर तेही थोड्याच दिवसांत जमिनीत अडकून बसतं. चिलेटेड लोह, म्हणजे जमिनीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह, घेतानाही पाकीट वाचा. ईडीटीए प्रकारचं चिलेट चुनखडीच्या जमिनीत फार टिकत नाही. जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए लागतं. ते महाग आहे, म्हणून सगळ्या बागेला न देता खरोखर पिवळ्या झाडांनाच द्या. जिप्समने सामू उतरेल ही आशाही सोडा. ते चोपण (सोडियम वाढलेल्या) जमिनीसाठी आहे, चुनखडीवर त्याचा उपयोग नाही. चुनखडी आहे का हे बघायचं असेल तर कोरड्या ढेकळावर लिंबू पिळा. फेस आला तर आहेच. नाही आला तर मात्र माती तपासूनच कळेल.

जस्तासाठी फवारणी चांगली. 15 लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम झिंक सल्फेट आणि त्याच्या निम्मा विरवलेला चुना, दोन्ही वेगवेगळे भिजवून, मग एकत्र करून, फडक्यातून गाळून घ्या. चुना टाळला तर कोवळी पानं करपू शकतात. नवती साधारण दोन तृतीयांश उमलली की मारा. याच पंपात कीटकनाशक आणि टॉनिक ढकलायची सवय मोडा. आणि डीएपी या स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) खताचा मारा करून जस्त मागू नका. स्फुरद जास्त झालं की जस्त आणखी दबतं.

एक सावधगिरी. अन्नद्रव्याची कमतरता पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखी दिसते. एका बाजूला पिवळा डाग आणि दुसऱ्या बाजूला भलतीकडेच, असं असेल तर ग्रीनिंगचा संशय घ्या. तो सायलामुळे पसरणारा रोग आहे, कोणत्याही खताने बरा होत नाही. अशा झाडावरची डोळकाडी कलमासाठी चुकूनही घेऊ नका.

पण या सगळ्याच्या आधी खुरपं घ्या. झाडाच्या घेराखाली वीतभर माती बाजूला करा आणि केसासारखी बारीक मुळं हातात धरा. पांढरट, टणक असतील तर ठीक. तपकिरी असतील आणि चिमटीत धरून ओढल्यावर साल निघून आत नुसता दोरा उरत असेल, तर पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात वाढलेल्या फायटोप्थोरा या बुरशीसारख्या जिवाने मुळं कुजवली आहेत. अशा झाडाला खत म्हणजे आजाऱ्याला पंगतीचं जेवण. त्याला उताराच्या दिशेने चर हवेत, बुंध्याला पाणी लागणार नाही असं दुहेरी आळं हवं, आणि खोडावर डिंक दिसत असेल तर तो खरवडून बोर्डो मलम (मोरचूद आणि चुन्याचं) लावायला हवं. नवी मुळं फुटल्यावर मग खताचं बघू.

अंगणात किंवा गच्चीवर कुंडीत संत्रा, लिंबू लावणाऱ्या नागपूरकरांचं दुखणं वेगळं नाही. बोअरचं जड पाणी रोज घालून कुंडीतला सामू वाढतो आणि वरून अंड्याची टरफलं टाकली जातात, म्हणजे चुन्यात चुना. एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) हाही रामबाण नाही; मॅग्नेशियमची खूण दिसली तरच द्या. जमलं तर साठवलेलं पावसाचं पाणी वापरा आणि कुंडीखालचं छिद्र मोकळं आहे का, हे आजच तपासा.

तरीही उलगडा होत नसेल तर पानं तपासून घ्या. फळ नसलेल्या फांदीची, सहा-आठ महिने वयाची पानं बागेतल्या बऱ्याच झाडांवरून, चारही बाजूंनी तोडा. पिवळ्या झाडांचा आणि चांगल्या झाडांचा नमुना वेगळा ठेवा. जस्ताची फवारणी नुकतीच झाली असेल तर थांबा, नाहीतर पानावर चिकटलेलं जस्तच अहवालात येईल.