जुना मोठा प्रिंटर घेताना आधी हेड बघा, मग किंमत

मोठा प्रिंटर म्हणजे मी इथे २४ किंवा ४४ इंची रोलवर पाण्याच्या शाईने छापणारं मशीन धरते आहे. फोटो, चित्रांच्या प्रती, प्रदर्शनाचे पॅनल, आर्किटेक्टची ड्रॉइंग यांच्यासाठीचं. फ्लेक्सचं सॉल्व्हंट मशीन ही वेगळी जात, तिच्याबद्दल इथे काही नाही. नारायण पेठेत मी हेच छपाईचं काम करते, त्यामुळे फोटोग्राफी आणि चित्रकला करणारी मुलंमुली विचारायला येतात, "ताई, जुनं मशीन स्वस्तात मिळतंय, घेऊ का?" मी आधी विचारते, आठवड्याला काम किती आहे? महिन्यातून एखादी प्रिंट काढायची असेल तर घेऊ नका. बाहेरून काढून घ्या, तेच स्वस्त पडेल.

कारण हे मशीन वापरून कमी आणि पडून राहून जास्त खराब होतं. फोटोच्या मशीनमधली शाई बहुतेक पिग्मेंटची, म्हणजे पाण्यात तरंगणारे रंगाचे बारीक कण. पाणी उडून गेलं की कण हेडच्या, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागाच्या, नोझलमध्ये (बारीक भोकांत) बसतात आणि हलत नाहीत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारची हवा खडखडीत कोरडी असते. अशा दोन उन्हाळ्यांत बंद राहिलेलं मशीन बाहेरून कितीही चकाचक दिसो, मी त्याच्या वाटेला जात नाही. "फारसं वापरलेलंच नाही, अगदी नव्यासारखं आहे" हे ऐकलं की जास्त सावध व्हा. अंगावर ओरखडे असलेलं पण कालपर्यंत काम केलेलं मशीन केव्हाही बरं.

हेडचे दोन प्रकार असतात आणि सगळा हिशोब त्यावर फिरतो. एप्सनचं हेड पिझो पद्धतीचं, म्हणजे विजेने हलणारे बारीक भाग शाई ढकलतात. नीट सांभाळलं तर वर्षानुवर्षं टिकतं, पण गेलं तर तंत्रज्ञाला बोलवावं लागतं आणि नव्या हेडचा खर्च जुन्या मशीनच्या किमतीला भिडतो. कॅनन आणि एचपीचं हेड थर्मल, म्हणजे शाई तापवून बाहेर फेकणारं. ते झिजतंच, पण आपल्या हाताने काढून दुसरं बसवता येतं. कॅननच्या आयपीएफ ६४०० मध्ये अशी दोन हेड असतात, एचपीच्या झेड ३२०० मध्ये सहा, प्रत्येकात दोन रंग. पहिल्यांदाच घेणाऱ्याला मी बदलता येणाऱ्या हेडचं मशीन सुचवते. मात्र त्या मॉडेलची हेड आणि शाई आजही बाजारात मिळते का, ते दोन दुकानांत विचारून मगच पुढे जायचं.

एप्सनमध्येही मॉडेल बघून घ्या. ७८८० आणि ९८८० मध्ये मॅट कागदाची काळी आणि ग्लॉसी कागदाची काळी यांच्यात अदलाबदल करायची तर कार्ट्रिज काढून दुसरी बसवावी लागते आणि दर वेळी नळ्यांतली बरीच शाई वाया जाते. ७९०० आणि ९९०० मध्ये दोन्ही काळ्या एकाच वेळी बसलेल्या असतात, मशीन आपोआप बदल करतं. तेव्हाही थोडी शाई जाते, कारण दोन्ही काळ्यांना नोझलची ओळ एकच आहे. तुमचं काम दोन्ही प्रकारच्या कागदांवर असेल तर हा फरक महिन्याच्या खर्चात दिसेल.

पुण्यात असं मशीन बंद होणाऱ्या स्टुडिओतून, आर्किटेक्टच्या ऑफिसातून, नाहीतर मुंबईच्या डीलरकडून मिळतं. परदेशातून आलेला माल असेल तर एक गोष्ट आधी विचारा. काही मशीन ज्या प्रदेशासाठी बनली, फक्त त्याच प्रदेशाच्या चिपची कार्ट्रिज घेतात. इथली कार्ट्रिज त्यात चालते हे डोळ्यांनी बघा, तोंडी भरवशावर राहू नका.

बघायला जाल तेव्हा दिवसाउजेडी जा आणि आदल्या दिवशीच फोन करून सांगा, "दादा, मी येईपर्यंत क्लीनिंग करू नका." क्लीनिंग म्हणजे मशीनने हेडमधून शाई ओढून नोझल मोकळी करणं; ते आधीच केलं असेल तर दोष झाकला जातो. पोचल्यावर मशीन तुमच्यासमोर चालू करायला लावायचं आणि लगेच नोझल चेक काढायचा. प्रत्येक रंगाच्या बारीक रेघांची जिन्यासारखी नक्षी येते, तिच्यात कुठे रेघ गाळली आहे ते शोधायचं. पिवळा आणि फिकट राखाडी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि फसवणूक नेमकी तिथेच होते. मी निळा जिलेटिन कागद जवळ ठेवते, शाळेच्या प्रकल्पासाठी स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तोच. तो डोळ्यांपुढे धरून उजेडात पाहिलं की पिवळ्या रेघा काळपट दिसतात आणि तुटलेली रेघ लपत नाही.

पहिला चेक चांगला आला म्हणून खूश होऊ नका. आता पूर्ण रुंदीची गडद रंगांची एक प्रिंट काढायला सांगा, निदान दोन फूट लांब, आणि ती झाल्या झाल्या पुन्हा नोझल चेक. पहिल्या चेकमध्ये सगळं होतं आणि दुसऱ्यात रेघा गायब झाल्या, तर शाई हेडपर्यंत पुरत नाही. डॅम्पर (हेडच्या तोंडाशी शाई धरणारी छोटी डबी), नळी किंवा पंप यांच्यात काहीतरी आहे. रेघा दर वेळी वेगळ्या जागी तुटत असतील तर बहुधा हवा शिरते आहे, ते दुरुस्त होऊ शकतं. पण साधं क्लीनिंग करूनही तीच रेघ त्याच जागी तुटलेली राहिली, तर ते नोझल घट्ट तुंबलं आहे किंवा मेलं आहे. पिझो हेडमध्ये असं दिसलं की मी हात जोडून बाहेर पडते. मालक म्हणेल, "पॉवर क्लीनिंग मारलं की येईल." येईलही, पण त्यात ढीगभर शाई जाते. त्याने आपल्या शाईवर ते करून दाखवावं, मग बोलू.

मग झाकण उघडून टॉर्च मारा. हेड जिथे विसावतं त्या कॅपिंग स्टेशनच्या कडेचं रबर मऊ आणि सलग हवं. तिथे वाळलेल्या शाईचा थर असेल तर मशीनची निगा राखलेली नाही. हेड पुसणारी वायपरची पट्टी फाटलेली नको. हेड ज्या दांड्यावरून धावतं त्याच्या मागे एक पारदर्शक पट्टी असते, एन्कोडर स्ट्रिप. ती मळली की हेड भरकटतं. शेवटी स्टेटसचं पान काढून एकूण छपाई, शाईची पातळी आणि वाया गेलेली शाई साठवणारा मेंटेनन्स टँक किती भरला आहे ते टिपून घ्या.

भाव करताना शाई मोजा. अकरा कार्ट्रिजचं मशीन असेल आणि त्यातल्या आठ संपत आलेल्या असतील, तर त्या आठांची आजची किंमत कागदावर मांडून मालकापुढे ठेवा. कार्ट्रिजवरची मुदतही वाचा. बिल मागा, सोबत रोलचे अडॅप्टर आणि स्टँडचे स्क्रू. अडॅप्टर नसेल तर २ इंची आणि ३ इंची गाभ्याचे रोल बसवणार कशावर?

आणण्याची तयारी सौदा ठरण्याआधी करा. ७९०० साधारण साडेचार फूट रुंद आहे, ९९०० सहा फुटांच्या पुढे आणि वजन १०० किलोच्या वर. पेठेतल्या जुन्या इमारतीत राहत असाल तर जिन्याचं वळण टेपने मोजा. मशीन कुशीवर किंवा उभं करून फिरवता येत नाही, शाई सांडते. बंद नेहमी मशीनच्याच बटनाने करायचं, म्हणजे हेड जागेवर जाऊन झाकलं जातं. थेट प्लग काढू नका. कॅननच्या आयपीएफमध्ये हलवण्याची तयारी करणारा पर्याय मेनूतच आहे, इतरांसाठी त्या मॉडेलचं मॅन्युअल वाचा. स्टँड वेगळा करून मशीन गादीवर सपाट ठेवा. छोटा हत्ती आणि चार माणसं पुरतात, पण पेठांत सकाळी लवकरच या, आणि गणपतीच्या दिवसांत तर हा विचारच सोडा.

जागा ठरवताना खिडकीजवळचा कोपरा टाळा, धूळ आणि ऊन दोन्ही नकोत. थेट वर पंखाही नको. भिंतीपासून इतकं अंतर ठेवा की मागे उभं राहून रोल बदलता येईल. हवेतली आर्द्रता दाखवणारा हायग्रोमीटर स्वस्त असतो, मशीनशेजारीच टांगा. ४० ते ६० टक्के आर्द्रता चांगली. उन्हाळ्यात ती खाली जाते, तेव्हा खोलीत ह्युमिडिफायर लावा किंवा पाण्याची उघडी परात तरी ठेवा. पावसाळ्यात उलटं होतं. कागद ओल धरतो, त्याच्या कडा उचलल्या जातात आणि हेडला घासतात. म्हणून काम झालं की रोल काढून पिशवीत बंद करायचा. विजेसाठी अर्थिंग असलेला स्वतंत्र सॉकेट हवा, आणि एक यूपीएस. छपाईच्या मध्येच वीज गेली तर हेड उघड्यावर अडकतं. यूपीएसमुळे ते जागेवर जाण्यापुरता वेळ मिळतो. देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवतात, म्हणून मी मोठं काम त्या दिवशी लावतच नाही.

मशीन बसल्यावर लगेच चालू करू नका, तासभर स्थिर राहू द्या. मग नोझल चेक, तो स्वच्छ आल्यावर हेड अलाइनमेंट, म्हणजे सगळे थेंब नेमक्या जागी पडतील अशी जुळणी, आणि तेही तुम्ही नेहमी वापरणार त्याच कागदावर. आडवे पट्टे येत असतील तर कागद सरकण्याचं माप चुकलेलं असतं, ते पेपर फीड अ‍ॅडजस्टमेंटने सुधारतं. शक्यतो यूएसबीऐवजी नेटवर्क केबल वापरा. तुमच्या संगणकाच्या विंडोज किंवा मॅकवर ड्रायव्हर चालतो की नाही, हे मात्र पैसे देण्याआधीच तपासलेलं असावं.

रंग जुळवताना बहुतेकांचे हाल एकाच गोष्टीने होतात. सॉफ्टवेअरही रंग सांभाळतं आणि ड्रायव्हरही. दोघांपैकी एकालाच ते काम द्या. मी फोटोशॉपला देते, त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात हे सांगणारी फाइल) निवडते आणि ड्रायव्हरमधलं कलर मॅनेजमेंट बंद करते. आधी मॉनिटर कॅलिब्रेट केलेला, म्हणजे त्याचा उजेड आणि रंग मोजून बरोबर लावलेले हवेत, नाहीतर प्रिंट काळोखी आल्याची तक्रार मशीनवर जाईल. तपासणीसाठी एक ठरलेलं चित्र ठेवा. माझ्या चित्रात राखाडीची पट्टी आहे, एक सावळा चेहरा आहे आणि सिंहगडाची पावसाळी हिरवळ आहे. राखाडीत हिरवी किंवा गुलाबी झाक दिसली तर बहुधा प्रोफाइल चुकलं आहे किंवा नोझल बंद आहेत.

यानंतर आठवड्यातून दोनदा तरी सगळे रंग वापरणारी एक लहान पट्टी छापत जा. गरज नसताना क्लीनिंग करू नका. क्लीनिंगची शाई मेंटेनन्स टँकमध्ये जाते आणि तो भरला की मशीन थांबतं, म्हणून एक जादा टँक घरात असू द्या. दिवाळीत आठ-दहा दिवस गावाला जाणार असाल तर निघण्याआधी नोझल चेक काढा, कॅपिंग स्टेशनभोवतीची घाण डिस्टिल्ड वॉटरने ओल्या केलेल्या स्वॅबने पुसा, बटनाने बंद करा आणि मशीनवर सुती चादर घाला. किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवता येत असेल तर त्यांना एवढंच शिकवा: चालू करायचं, एक पान काढायचं, बंद करायचं.