पोर्तुगीज कृदंत आणि मराठी कर्मणी प्रयोग: या चुका टाळा

‘मी पोळी खाल्ली’, ‘मी आंबे खाल्ले’. आपलं क्रियापद कर्माचं लिंग-वचन धरतं, आणि हीच सवय पोर्तुगीजमध्ये पाय घसरवते. (उदाहरणं स्पेलिंगबरहुकूम दिली आहेत, बोलताना शेवटचा ‘ओ’ ‘उ’कडे झुकतो.)

‘मी आंबे खाल्ले होते’ म्हणजे ‘एउ तिन्या कोमिदो आस मांगास’. ‘मांगा’ तिथे स्त्रीलिंगी, म्हणून ‘कोमिदास’ तोंडात येतं. पण ‘तेर’ (मूळ अर्थ ‘जवळ असणं’) या सहायक क्रियापदाने काळ बनवला की कृदंत, म्हणजे ‘खाल्लेलं’सारखं क्रियापदापासून बनलेलं रूप, ‘कोमिदो’च राहतं. कर्म कुठलंही असो, बोलणारी बाई असो. नुसतं ‘एउ तिन्या कोमिदा’ म्हणालात, तर ऐकणाऱ्याला कळेल ‘माझ्याकडे अन्न होतं’!

‘सेर’ आणि ‘एस्तार’ (दोन्हींचा अर्थ ‘असणं’) यांच्यासोबत मात्र कृदंत नामाप्रमाणे बदलतं: ‘आ कार्ता फोइ एस्क्रिता’ (पत्र लिहिलं गेलं), ‘आस पोर्तास एस्तांव आबेर्तास’ (दारं उघडी आहेत). नपुंसकलिंग नाही, दहा बायकांत एक पुरुष असला तरी पुल्लिंगी अनेकवचन. गोंधळ होतो तो ‘तेन्यो आ कार्ता एस्क्रिता’मुळे. इथे ‘तेर’ असूनही स्त्रीलिंग, कारण ते सहायक नाही: पत्र लिहून तयार आहे, असा अर्थ.

‘मी जेवलोय’साठी ‘तेन्यो कोमिदो’ म्हणू नका. त्यातून ‘हल्ली मी खात आलोय’ असं काहीतरी निघतं. सरळ ‘झा कोमी’ म्हणा.

अनियमित रूपं पाठच करावी लागतात: फेइतो (केलेलं), दितो (म्हटलेलं), विस्तो (पाहिलेलं), पोस्तो (ठेवलेलं), एस्क्रितो (लिहिलेलं), आबेर्तो (उघडलेलं). ‘आब्रिदो’ चूक. ‘विर’चं (येणं) ‘विन्दो’, ‘वेर’चं (पाहणं) ‘विस्तो’. यांची अदलाबदल फार होते.

काही क्रियापदांना दोन रूपं असतात. ‘तेर’सोबत लांब, ‘सेर’सोबत आखूड: ‘तिन्या प्रेन्दिदो’ (अटक केली होती), पण ‘फोइ प्रेझो’ (अटक झाली). ‘पागो’ (पैसे दिलेले), ‘गान्यो’ (जिंकलेलं, कमावलेलं), ‘गास्तो’ (खर्चलेलं) ही आखूड रूपं आता ‘तेर’सोबतही सर्रास चालतात. ‘एन्त्रेगे’ला (सोपवलेलं) लिंगभेद नाही, अनेकवचनात फक्त ‘एन्त्रेगेस’. ब्राझीलमध्ये ‘तिन्या शेगो’ (पोहोचलो होतो) कानावर पडेल; लिहिताना ‘शेगादो’च हवं.

राहिलं ‘ओब्रिगादो’ (धन्यवाद). हेही मुळात कृदंतच, आणि ते बोलणाऱ्याचं लिंग धरतं: बाईने पुरुषाचे आभार मानले तरी ‘ओब्रिगादा’.